कलम सात (ब) आणि डोरिसचा घसा

आमच्या मंडळाची फर्स्ट लेडी परदेशी आहे. परदेशी म्हणजे ऑस्ट्रेलियातही परदेशीच. डोरिस मेश्राम जन्मली माल्टा नावाच्या बेटावर. ते बेट नकाशात शोधायला मला चष्मा लावावा लागला, आणि सापडलं तेव्हा मुंगी समजून मी आधी फुंकर मारली.

तिची गोष्ट मी सांगतेय हे ऐकून मंडळातले लोक हसतील. हसू देत. तिच्यावर इतकी वर्षं इतकी बारीक नजर दुसऱ्या कोणी ठेवली आहे?

मी चित्रलेखा खोब्रागडे. सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या धम्ममैत्री मंडळाच्या उपाध्यक्षांची बायको. अध्यक्षाच्या बायकोला सगळे कौतुकाने फर्स्ट लेडी म्हणतात. उपाध्यक्षाच्या बायकोला खुर्च्या मोजायला सांगतात.

आमचं मंडळ बौद्ध मराठी माणसांचं. बाबासाहेबांची लेकरं आम्ही, त्यामुळे चाळीस कुटुंबांच्या मंडळालाही बावन्न पानांची घटना आहे आणि प्रत्येक सभासद स्वतःला घटनातज्ज्ञ समजतो. त्या घटनेत कलम सात (ब) असं: प्रत्येक कार्यक्रमाची त्रिशरण-पंचशीलाची वंदना अध्यक्षांच्या पत्नीने घ्यावी. त्याखाली सात (क): अध्यक्षपत्नी गैरहजर असल्यास किंवा तिचा घसा बसला असल्यास उपाध्यक्षांच्या पत्नीने घ्यावी. दर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी डोरिसला फोन करून तिच्या घशाची चौकशी करत असे. ती बिचारी म्हणायची, "हाव ना बाई, एकदम चांगला हाय. तू किती काळजी करून राहिली माझी!" दहा वर्षं. दहा वर्षांत त्या बाईचा घसा एकदाही बसला नाही.

हो, डोरिस मराठी बोलते. तेही नागपुरी. ती तीन वर्षांची असताना आईबाप बोटीने सिडनीला आले आणि पेंडल हिलला कोंबड्या पाळू लागले. अंडी गोळा करत ती मोठी झाली, मग वेस्टमीडच्या दवाखान्यात लोकांची रक्तं काढायला लागली. आमचे आताचे अध्यक्ष धर्मपाल मेश्राम तिथल्याच लॅबमध्ये होते. रोज येणाऱ्या शेकडो नळ्यांत एकाच बाईचं अक्षर छापल्यासारखं असतं, हे त्यांच्या लक्षात आलं. धर्मपालभाऊ नियमाचे पक्के. त्यांना नीट भरलेला फॉर्म दिसला की भरून येतं. ते ते अक्षर बघायला खाली गेले आणि अक्षराच्या मालकिणीत अडकले.

लग्न नागपूरला झालं. डोरिस तिच्या आईचा पांढराशुभ्र लग्नाचा गाउन घालून उभी राहिली. धर्मपालभाऊंच्या मित्रांना वाटलं, आता कमलाबाई बघा कशा भडकतात. कमलाबाई म्हणजे धर्मपालभाऊंच्या आई. गोरी सून नको म्हणून त्यांनी दोन दिवस अन्न सोडलं होतं. पण आमच्याकडे नवरीला पांढरीच साडी. कमलाबाईंनी सुनेला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "रीत बरी ठाऊक हाय व पोरीले. फक्त मागं एवढं कापड काऊन सोडलं?" आणि दोन दिवसांची भूक त्यांनी एका पंगतीत भागवली. त्यांनीच मग सुनेला मराठी आणि वंदना शिकवली. डोरिसने ती सगळी पाली आपल्या छापील अक्षरात, इंग्रजी लिपीत, रक्ताच्या फॉर्मांच्या पाठीमागे उतरवून घेतली.

तर सांगायचं असं, की जोवर हॉलमध्ये कार्यक्रम व्हायचे तोवर माझं दुःख सोसण्याजोगं होतं. वंदना डोरिस सुरू करायची, पण दुसऱ्या शब्दापासून दोनशे माणसं म्हणायची. त्यात माझा आवाज सगळ्यांत वर असे. मी मुद्दाम ठेवत असे.

मग करोना आला आणि झूम आलं.

दोन हजार वीसच्या बुद्धपौर्णिमेला आम्ही पहिल्यांदा सगळे आपापल्या घरून वंदनेला बसलो. चाळीस घरांतून चाळीस वेगांनी वंदना सुरू झाली. कोणी पहिल्या शरणात, कोणी तिसऱ्या शीलात, कोणाचा कुकर तिसऱ्या शिट्टीत. शेवटी सेक्रेटरी सुचित्राने सगळ्यांना म्यूट केलं आणि जाहीर केलं, की यापुढे आवाज फक्त वंदना घेणाऱ्या बाईंचाच सुरू राहील. बाकीच्यांनी मनात म्हणावी.

मनात! माझ्यासारख्या बाईला मनात म्हणायला सांगणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला कळतं.

डोरिस पडद्यावर पांढऱ्या साडीत बसली होती. नंतर ती पाणी आणायला उठली तेव्हा दिसलं, की साडी कमरेपर्यंतच गुंडाळलेली होती आणि खाली दवाखान्याची निळी विजार. दिवसभर गाड्यांच्या रांगेत लोकांच्या नाकात काड्या घालून थेट वंदनेला बसली होती. लोकांना त्याचंही कौतुक. मी खालीवर दोन्हीकडे व्यवस्थित नेसले होते, ते कोण बघणार?

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते बाबांमुळे.

माझे बाबा भिलाईला. पोलाद कारखान्यात चौतीस वर्षं क्रेन चालवली, त्या आवाजात कान अर्धे गेले. वय शहाऐंशी. वीसच्या एप्रिलचं माझं तिकीट काढलेलं होतं. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या आणि मी इकडे अडकले. कमलाबाई उलट्या अडकल्या: तीन महिन्यांसाठी लेकाकडे आलेल्या, त्या दीड वर्ष झालं तरी इथेच होत्या. म्हणजे तिची सासू तिच्याजवळ आणि माझा बाप माझ्यापासून लांब. मला याचाही राग यायचा. कोणावर काढायचा हे न कळून मी तो डोरिसवरच काढत असे.

बाबा मंडळाचा एकही कार्यक्रम चुकवत नसत. इयरफोन कानांत खोचून, हात जोडून, कॅमेऱ्याच्या इतके जवळ बसायचे की पडद्यावर नुसतं कपाळ दिसायचं. कार्यक्रम संपला की फोन करायचे. "चित्रा, सगळ्यांची तोंडं हलतात, आवाज एकट्या त्या गोऱ्या बाईचाच येतो. तुझा कधी येणार?"

"येईल बाबा."

"बाई म्हणते चांगली. उच्चार स्वच्छ."

हे तर मला मुळीच ऐकायचं नव्हतं.

एकवीसच्या जुलैत डॉक्टरांनी भावाला सांगितलं, बाबांच्या हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय, आता जपायचं. इकडे आमचा भाग कडक लॉकडाउनमध्ये होता. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची सोय नाही, तिथे भिलाई कुठली? बाबा फोनवर म्हणाले, "येऊ नकोस ग, येता येत नाही ते मला माहीत आहे. एकदा वंदना घे, तेवढं ऐकतो." एवढंच मागितलं त्यांनी. मागून मागून काय मागितलं, तर आवाज.

आता एखादी सरळ बाई डोरिसला फोन करून म्हणाली असती, एकदा मला घेऊ दे. मी सरळ बाई नाही. शिवाय जिच्या घशाच्या वाईटावर दहा वर्षं टपून बसले, तिच्यापुढे हात पसरायचा? मी घटनादुरुस्ती मांडली.

मसुदा मी तीन रात्री जागून लिहिला. वंदना घेणारी अध्यक्षपत्नी जन्माने महाराष्ट्रीय असावी, नसल्यास तो मान उपाध्यक्षपत्नीकडे जावा. कारण म्हणून 'सांस्कृतिक सातत्य' असा शब्द घातला. भास्करने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वाचून विचारलं, "हे डोरिससाठी आहे ना?"

"हे तत्त्वासाठी आहे," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि उठून कपडे वाळत घालायला गेला. तो घाबरला की कपडे वाळत घालतो.

ऑगस्टच्या एका रविवारी झूमवर सभा भरली. लॉकडाउनमध्ये लोकांना दुसरं काही कामच नव्हतं, त्यामुळे झाडून सगळे हजर. माझा मुद्दा ऐकायला बाबांनाही भास्करने लिंक पाठवली होती. बापाच्या डोळ्यांदेखत जिंकावं अशी माझीच हौस. मी ठराव वाचला. डोरिस एका चौकोनात कमलाबाईंशेजारी मटार सोलत शांत बसली होती.

सुचित्रा म्हणाली, "ताई, 'जन्माने महाराष्ट्रीय' हे जरा ढिलं आहे. उद्या वाद होईल. नक्की काय म्हणायचंय?"

"अगदी सोपं आहे," मी मान ताठ करून म्हटलं. "महाराष्ट्रात जन्मलेली. बस्स."

तेवढ्यात एक कपाळ हललं. बाबांचा माइक चालू होता, आणि कान गेलेली माणसं किती मोठ्याने बोलतात ते काय सांगू. "अगं चित्रा! मग तू पण नाहीस त्यात! तू तर भिलाईची! नऊ नंबर सेक्टरच्या दवाखान्यात, मी कामावरून सायकलने आलो होतो तुला बघायला!"

खरं सांगते, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्यात कोणी विचारलं, कुठले तुम्ही, की आम्ही मूळ गाव सांगतो. बाबांचं मूळ गाव भंडाऱ्याजवळ, म्हणून मीही जन्मभर सांगत आले, आम्ही भंडाऱ्याचे. भंडाऱ्यात मी उभ्या आयुष्यात एकूण अकरा दिवस राहिले असेन. जन्मले, वाढले, शिकले ती भिलाईला. तेव्हाचा मध्य प्रदेश, आताचं छत्तीसगड. महाराष्ट्र कोणत्याच हिशेबाने नाही.

मग तर पूरच आला. "मी बालाघाटची जी," कमलाबाई म्हणाल्या. कोणी जबलपूरची निघाली, कोणी इटारसीची. बापांना रेल्वेने आणि कारखान्यांनी जिकडे नेलं तिकडे आम्ही जन्मलो होतो. माझी मुलगी पायल, जी मंडळाच्या सभेला कधी तोंड दाखवत नाही, ती माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "Mum, I was born at Westmead. So I can't do it either? Like, ever?"

सुचित्राने हिशेब करून सांगितलं, की या दुरुस्तीप्रमाणे अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या घरांत मिळून वंदना घ्यायला पात्र अशी दोनच माणसं उरतात: धर्मपालभाऊ आणि भास्कर. लोकांचे चौकोन हसून हसून हलत होते. भास्करला साडी कोणती शोभेल यावर चॅटमध्ये चर्चा सुरू झाली. पिस्ता रंगाला बहुमत मिळालं.

ठरावाच्या विरुद्ध सदतीस, बाजूने एक. ते एक मत भास्करचं. तो माझ्या शेजारीच बसला होता, करणार काय? मी स्वतः हात वर करायलाही विसरले. वर धर्मपालभाऊंनी गंभीरपणे नोंदवलं, की कलम सात (ब) सभेने पुन्हा कायम केलं आहे, आता त्यात कुणाच्या मर्जीने फेरफार होणार नाही. म्हणजे जे एका फोनवर कदाचित मिळालं असतं, त्यावर मीच कुलूप ठोकून घेतलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं झालं.

महिनाभर मी कुणाचा फोन घेतला नाही. सप्टेंबरात घसा दुखायला लागला. डोरिसचा दुखावा म्हणून वाट बघितली आणि दुखला माझा. गाडीत बसून टेस्टला गेले. दीड तास रांग. शेवटी गाउन, मास्क आणि प्लास्टिकचा पडदा यांत बुडालेली एक बाई खिडकीशी आली.

"Full name, love? Date of birth?"

मी सांगितलं. तिने काडी काढली, जवळ आली आणि हळूच म्हणाली, "जन्मगाव नाही पायजे जी आमाले."

आणि काडी नाकात. ती किती आत गेली हे मी सांगत नाही, पण तत्त्वाला धरून गेली.

डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काडीने सगळ्यांनाच येतं, त्यामुळे अब्रू राहिली असती. पण माझं थांबेना. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला. डोरिसने त्याला हात करून थांबवलं, "Give us a minute, mate!" आणि खिडकीशी वाकली. "काय झालं व?"

मी सगळं सांगितलं. बाबा, पंपिंग, इयरफोन, आवाज. रांगेत, एका दमात, अनुनासिक.

तिने काडी नळीत घालून टोपण दाबलं. "हे तू मले काऊन नाही सांगितलं? One phone call, Chitra! घशाची चौकशी करायले तर दर टाइमाले फोन करते!"

"आता धर्मपालभाऊ ऐकायचे नाहीत. ठराव झालाय."

"धर्मा नाही ऐकणार," तिने कबूल केलं. नळीवर माझं नाव लिहिलं, तेच ते छापील अक्षर. "No worries. जा घरी. गरम पाणी पी."

नो वरीज! इथली माणसं घराला आग लागली तरी नो वरीज म्हणतात. मी घरी गेले आणि आशा सोडली. टेस्ट निगेटिव्ह आली, तीही तिनेच कळवली.

चौदा ऑक्टोबर. धम्मदीक्षेचा दिवस, आमचा सगळ्यांत मोठा कार्यक्रम. लॉकडाउन नुकताच सैल झाला होता, पण हॉल अजून मिळत नव्हता, पुन्हा झूम. बाबांचा चौकोन सुरू झाला. आज कपाळाऐवजी पूर्ण चेहरा दिसत होता, कारण ते उशीला टेकून आडवे होते. इयरफोन होतेच.

सुचित्राने सगळ्यांना म्यूट करून डोरिसला पाचारण केलं. डोरिसने हात जोडले, तोंड उघडलं, आणि आवाज नाही. ओठ हलतायत, आवाज नाही. तिने कानाला हात लावला, माइककडे बोट दाखवलं, लॅपटॉप हलवला, डोळे मोठे केले. दुसऱ्या खोलीत दुसऱ्या लॅपटॉपवर बसलेले धर्मपालभाऊ ओरडले, "डोरिस, अनम्यूट कर!" तिने दोन्ही हात हवेत उडवले. दीड वर्ष दर आठवड्याला झूम चालवलेली बाई, मंडळातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना म्यूट-अनम्यूट जिने शिकवलं, ती बटणाकडे अशी बघत होती जणू ते आज सकाळीच शोधून काढलं असावं.

"सात (क)," सुचित्रा म्हणाली.

"सात (क) घशाबद्दल आहे," धर्मपालभाऊ म्हणाले. "माइकचा उल्लेख नाही." मग त्यांनी घटनेचं पान उलटलं आणि ते म्हणाले, "तरी सध्याच्या परिस्थितीत घसा या शब्दाचा व्यापक अर्थ लावावा. चित्रलेखाताई, घ्या."

भास्करने टेबलाखाली माझा हात दाबला. मी हात जोडले आणि सुरू केलं.

तिन्ही शरणं खणखणीत गेली. बाबांनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. पहिलं शील, दुसरं, तिसरं. त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून एक ओघळ उशीकडे निघालेला मला दिसला, आणि चौथं शील माझ्या डोक्यातून पुसलं गेलं. पूर्णच. लहानपणापासून रोज म्हटलेलं. दहा वर्षं ज्यासाठी तडफडले, त्याच्या मधोमध मी तोंड उघडं टाकून बसले होते. चाळीस घरं ऐकत होती. बाबांनी डोळे उघडले.

आणि त्या शांततेत, अगदी हळू, स्वच्छ उच्चारात, बंद पडलेल्या माइकमधून शब्द आला:

"मुसावादा..."

मी ते धरलं आणि पुढे निघाले. तेवढ्यात त्याच माइकमधून कमलाबाईंचा आवाज आला, "हळू बोल व! तुया माइक बंद हाय ना!" आणि मग तो माइक खरोखरच बंद झाला. मी पाचवं शील म्हटलं आणि वंदना पुरी केली. धर्मपालभाऊंनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. इतिवृत्तात त्यांनी फक्त एवढं लिहिलं, की तांत्रिक अडचणीमुळे सात (क) लागू करण्यात आलं.

बाबा पुढच्या मार्चमध्ये गेले. तोवर सीमा उघडल्या होत्या आणि मी त्यांच्या उशाशी होते. विमानतळावर मला डोरिसनेच सोडलं होतं, आणि त्या अख्ख्या रस्त्यात दोघींपैकी कोणीही माइकचा विषय काढला नाही. आजही काढत नाही.

पण त्या चौदा तारखेला कार्यक्रम संपल्यावर बाबांचा फोन आला होता. दम लागत होता, तरी हसत होते.

"चित्रा, चौथं शील कोणतं ग? खोटं बोलणार नाही, तेच ना?"

"हो बाबा."

"ते तुला आठवलं नाही आणि त्या बाईनं पाळलं नाही." त्यांनी दम घेतला. "बाकीची चार तुझ्या आवाजात ऐकली मी. पुष्कळ झाली."